आप्पांचा क्लेम रिजेक्ट झाला म्हणून पॉलिसी बंद करू नका

आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, आम्ही चोपडा तालुक्यातले. केळी आणि थोडा कापूस. वडिलांची, म्हणजे आमच्या आप्पांची (वय ५८) मेडिक्लेम पॉलिसी जून २०१९ ला काढली, तीन लाखांची. जून २०२२ ला एजंटच्या सांगण्यावरून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि पाच लाखांची करून घेतली. त्याच दिवाळीत आप्पांना बीपी निघालं, रोज एक गोळी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये छातीत दुखायला लागलं म्हणून रातोरात नाशिकला नेलं. दोन स्टेंट टाकले. बिल झालं ३ लाख ६२ हजार. कॅशलेस आधी मंजूर झालं होतं, डिस्चार्जच्या दिवशी रद्द झालं. बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले. मग रिइम्बर्समेंटची फाइल टाकली, ती नोव्हेंबरमध्ये नाकारली. कारण काय, तर कॅज्युअल्टीच्या कागदावर 'बीपी दहा वर्षांपासून' असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही आजार लपवला. ते आमच्या आत्याने घाबरून सांगितलं होतं. ती आता आमच्याकडे यायलाच तयार नाही. एजंट फोन उचलत नाही. आप्पा म्हणतात, 'हाऊ विमा बंद करी टाक, समदी लूट शे.' दवाखाने सरकारनेच चालवावेत, असं त्यांचं म्हणणं. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडेही हेच चालतं, लोक इतके चिडले की एका कंपनीच्या साहेबाला गोळी घातली. मी आता काय करू?"

भाऊ,

पॉलिसी बंद करू नका. आप्पा कितीही चिडले तरी येत्या जूनचा हप्ता वेळेवर भरा. स्टेंट टाकलेल्या ५८ वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं अवघड. मिळाली तरी ती महाग असते आणि तिचा वेटिंग पिरियड, म्हणजे आधीच्या आजारासाठी पैसे मिळत नाहीत तो काळ, पहिल्यापासून सुरू होतो. २०१९ पासूनची तुमची अखंड वर्षं ही आज तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती का, ते सांगते. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष 'बीपी दहा वर्षांपासून' या ओळीच्या आधी तुमच्या तारखांवर गेलं.

आरोग्य विम्यात मोरॅटोरियम नावाचा एक नियम आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये त्याची मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. सलग साठ महिने संरक्षण चालू असेल, तर त्यानंतर 'तुम्ही माहिती दिली नाही' किंवा 'चुकीची माहिती दिली' या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद एकच, सिद्ध झालेली फसवणूक. ती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. या साठ महिन्यांत पोर्ट करण्याआधीचे महिनेही धरायचे असतात, हे नियमातच लिहिलंय. जून २०१९ पासून मोजा. जून २०२४ ला साठ महिने भरले. आप्पांचा आजार ऑगस्ट २०२५ चा.

नवी कंपनी बहुतेक २०२२ पासून मोजत असेल. पोर्ट झालेल्या पॉलिसीत ही गफलत सर्रास होते. म्हणून आधी पॉलिसीच्या शेड्यूलवर, म्हणजे तपशिलाच्या पानावर, पहिल्या पॉलिसीची तारीख छापली आहे का ते बघा. नसेल, तर जुन्या कंपनीच्या तिन्ही वर्षांच्या पॉलिसी शोधून काढा. कागद हरवले असतील तर जुन्या कंपनीच्या शाखेत अर्ज देऊन प्रती मागा.

इथे एक मर्यादा आहे, ती आत्ताच सांगते, म्हणजे सुनावणीत तुम्ही गोंधळणार नाही. रक्कम वाढवली असेल तर वाढवलेल्या भागाचे साठ महिने वाढवल्या तारखेपासून मोजले जातात. तीन लाखांचं मोरॅटोरियम पूर्ण झालं, पण वरच्या दोन लाखांचं झालेलं नाही. म्हणजे ३ लाख ६२ हजारांपैकी तीन लाखांवर तुमची बाजू भक्कम आहे. उरलेल्या ६२ हजारांसाठी 'आप्पांनी काही लपवलंच नाही' हे स्वतंत्रपणे दाखवावं लागेल. आणखी एक, मोरॅटोरियम लागू झालं तरी रूम रेंटची मर्यादा, को-पे (बिलाचा ठरावीक वाटा आपण भरायचा) वगैरे अटी तशाच राहतात. पॉलिसीत जेवढ्या भाड्याची सोय आहे त्यापेक्षा महागड्या खोलीत आप्पांना ठेवलं असेल, तर थोडी कपात होऊ शकते. ती कपात आणि हा नकार वेगवेगळे आहेत, एकमेकांत मिसळू देऊ नका.

आता ती ओळ. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत काय होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे. पेशंट स्ट्रेचरवर, ईसीजी चालू, आणि ड्युटीवरचा तरुण डॉक्टर जो नातेवाईक समोर दिसेल त्याला विचारतो, "शुगर? बीपी? किती वर्षं?" घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आकडा निघतो. दोन वर्षांची पाच होतात, पाचाची दहा. तो आकडा केस पेपरवर जातो, तिथून तसाच डिस्चार्ज कार्डावर उतरतो, आणि कंपनीच्या तपासनिसाला नेमका तोच लागतो. यात आत्याबाईंचा काहीही दोष नाही. भाऊ छाती धरून पडला असताना तारखा कोणाला आठवतात?

या एका ओळीच्या आधाराने दिलेला नकार टिकतोच असं नाही. नुसत्या डिस्चार्ज कार्डावरच्या हिस्टरीवरून आधीचा आजार सिद्ध होत नाही, त्याला उपचाराचा पुरावा लागतो, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा एक निकालही उपयोगाचा आहे. प्रवासाची पॉलिसी घेऊन निघालेल्या एका गृहस्थांना अमेरिकेत उतरताच हृदयविकाराचा झटका आला आणि तीन स्टेंट टाकावे लागले. मधुमेह असल्याचं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची माहिती दिली नाही म्हणून कंपनीने पैसे नाकारले. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला.

तुमच्याकडे पुरावा आहे. दिवाळी २०२२ मध्ये ज्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली त्यांचं पहिलं प्रिस्क्रिप्शन आणि त्यांच्या लेटरहेडवर तारखेसह दाखला घ्या. ज्या मेडिकलमधून गोळ्या घेता, तो दुकानदार कॉम्प्युटरवर बिलं करत असेल तर आप्पांच्या नावाची पहिली एंट्री काढून देईल. नाशिकच्या हॉस्पिटलला लेखी अर्ज करा आणि संपूर्ण इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांच्या नोंदी, मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. मग ज्यांनी स्टेंट टाकले त्या कार्डिओलॉजिस्टना भेटून एक पत्र मागा: 'सदर हिस्टरी नातेवाइकांनी तोंडी सांगितलेली आहे, तपासलेली नाही, उपलब्ध कागदांनुसार रक्तदाबाचे निदान २०२२ मधील आहे.' कागदावर खाडाखोड करून मागू नका. डॉक्टर तयार झाले तरी नको, त्यातून तुमच्यावरच बालंट येईल. वेगळं पत्र हवं.

आणि आत्याबाईंना घरी बोलवा. त्यांनी नोटरीकडे एक साधं प्रतिज्ञापत्र करून द्यावं: मी घाबरलेली होते, भावाच्या आजाराची नक्की माहिती मला नव्हती, मी अंदाजाने सांगितलं. फाइलला त्याचा उपयोग होईल, आणि आपल्यामुळे घर बुडालं हे जे त्यांच्या मनात बसलंय त्यावरही होईल. हे काम तुम्ही फोनवर करू नका, स्वतः जाऊन त्यांना घेऊन या.

एक प्रश्न मात्र आप्पांना एकटं गाठून विचारा. २०१९ च्या आधी कोणी बीपीची गोळी लिहून दिली होती का? गावातल्या एखाद्या शिबिरात 'जरा वाढलंय, मीठ कमी करा' एवढंच कोणी म्हटलं असेल तर काळजी नको. एका दिवसाचं रीडिंग म्हणजे आजाराचं निदान नव्हे. पॉलिसी घेण्याआधीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी निदान केलेला किंवा उपचार सांगितलेला आजार, ही आधीच्या आजाराची व्याख्या आहे, आणि तो काळ आता ३६ महिन्यांचा आहे. पण गोळी खरोखर चालू होती आणि एजंटने फॉर्मवर सगळीकडे 'नाही, नाही' अशा खुणा केल्या, असं निघालं, तर तेही आधी माहीत असलेलं बरं. तशा वेळी तीन लाखांसाठी मोरॅटोरियमवर बोला आणि ६२ हजारांसाठी खोटं रचू नका. कंपनीकडून दोन्ही वेळच्या प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागा. तो फॉर्म कोणाच्या अक्षरात आहे, ते बघण्यासारखं असतं. आपल्याकडे एजंट अंगणात खाटेवर बसून फॉर्म भरतो आणि आपण पाणी देऊन सही करतो. पुढच्या वेळी बहिणीची, मेव्हण्याची, कोणाचीही पॉलिसी असो, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या माणसाने स्वतः सांगावं आणि सही करण्याआधी फॉर्म वाचून घ्यावा. एजंटला राग आला तर येऊ द्या.

आता अर्ज. एजंटला फोन करणं सोडा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तोच मजकूर रजिस्टर पोस्टानेही पाठवा. त्या अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर असतो. मजकूर लांबवू नका, दवाखान्यात काय हाल झाले ते लिहू नका. साधारण असं चालेल:

"माझ्या वडिलांचे आरोग्य विमा संरक्षण जून २०१९ पासून अखंड चालू आहे. २०२२ मध्ये ते आपल्या कंपनीत पोर्ट झाले. जून २०२४ मध्ये साठ महिने पूर्ण झाल्याने माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली असे आपले म्हणणे असल्यास पुरावा द्यावा. रक्तदाबाचे निदान २०२२ मधील असल्याचे कागद सोबत जोडले आहेत. हा नकार क्लेम रिव्ह्यू कमिटीने मंजूर केला आहे काय आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार, ते लेखी कळवावे. दावा व्याजासह मंजूर करावा."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही, आणि नकारपत्रात कलमाचा उल्लेख लागतो. हे विचारलं की फाइल निदान दुसऱ्या टेबलावर तरी जाते. त्याच परिपत्रकात डिस्चार्जच्या वेळी कॅशलेसचा निर्णय तीन तासांत द्यायचा असंही आहे. तुमच्या बाबतीत आधी हो म्हणून ऐनवेळी फिरवलं, तेही दोन ओळींत लिहा. विलंबाच्या व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'पेक्षा दोन टक्के जास्त आहे.

सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ ला फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपाल. खान्देशातल्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. पुण्याला खेपा घालायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओ कॉलवरही होते. फी नाही, वकील चालत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला तो मानावाच लागतो. तुम्हाला पटला नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडंच आहे, तिथली मुदत दोन वर्षांची. पण आधी आयोगात गेलात तर लोकपाल तक्रार घेणार नाहीत, म्हणून क्रम हाच ठेवा.

आता आप्पांचं बोलणं. मला त्यात राग दिसतो आणि बरंचसं खरंही दिसतं. तुमच्या मावसभावाने जी घटना सांगितली ती डिसेंबर २०२४ मधली, न्यूयॉर्कमधली. तो खून होता, त्याचं कौतुक कोणी करू नये, आणि त्याने एकाही पेशंटचं बिल भरलं गेलं नाही. पण त्यानंतर उसळलेला संताप खरा होता. तिथे २०१० च्या कायद्याने मोठी सुधारणा झाली. २०१४ पासून आधीचा आजार आहे म्हणून पॉलिसी नाकारता येत नाही की जास्त हप्ता लावता येत नाही. आपल्याकडे अजून हे झालेलं नाही. तरीही तिथे नकार थांबले नाहीत, 'हा उपचार गरजेचाच नव्हता' असं सांगून ते येत राहिले. केएफएफ ही संस्था तिथल्या आरोग्यधोरणाचा अभ्यास करते. केंद्र सरकारच्या विमा बाजारातल्या पॉलिसींच्या २०२३ च्या आकड्यांत तिला दिसलं की पाचातला जवळजवळ एक दावा नाकारला गेला, आणि नाकारलेल्यांपैकी शंभरात एकानेही अपील केलं नाही. मला यातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. माणसं मुकाट घरी बसतात यावरच हा धंदा तरतो, अमेरिकेत आणि अमळनेरातही. आपल्याकडे २०२३-२४ मध्ये सुमारे १ लाख १७ हजार कोटींचे आरोग्य दावे कंपन्यांपुढे होते, दिले गेले ८३ हजार कोटींच्या आसपास. मधल्या रकमेत सगळा अन्यायच आहे असं नाही, काही दावे कपातीचे, काही अजून चालू असलेले. पण तुमच्या आप्पांसारखी घरं त्यात आहेतच.

दवाखाना सरकारनेच चालवावा, या त्यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. विमा डॉक्टर निर्माण करत नाही. नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावला किंवा मोलगीला रात्री छातीत कळ आली तर खिशातली पॉलिसी पाच लाखांची की पंचवीस लाखांची याने फरक पडत नाही, गाडी आणि डॉक्टर लागतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेऊ असं म्हटलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. सरकारने मनावर घेतलं तर काय होतं, ते आप्पांच्या छातीतल्या स्टेंटवरूनच कळेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली आणि लाखाच्या वर विकला जाणारा औषधी लेपाचा स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला. किंमत नंतर काहीशी वाढली, मर्यादा कायम आहे. विमा असलेल्याला आणि नसलेल्याला, दोघांनाही त्याचा फायदा झाला. (तुमच्या बिलात दोन स्टेंटचे किती लावलेत ते जरूर तपासा.) विमा कंपन्यांवर नियामक आहे, पण हॉस्पिटलच्या बिलावर तसा कोणी नाही. माझ्या मते सुधारणेचं पहिलं काम हेच आहे.

पण आप्पांच्या इच्छेतलं थोडंफार आजही मिळतं आणि ते तुम्हाला नाशिकला कोणी सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबासाठी आहे, रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत. हीच योजना २०१२ मध्ये जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात आपलं धुळं होतं. अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. मात्र ती फक्त कॅशलेस आहे आणि योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच चालते, त्यामुळे ऑगस्टचं बिल आता तिच्यातून मिळणार नाही. पुढे कोणालाही न्यायची वेळ आली तर निघतानाच १५५३८८ ला फोन करून कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे ते विचारा, आणि पोचल्यावर मेडिक्लेम डेस्कच्या आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा, टेबल शोधा. आप्पांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यातच सेतू केंद्रात जाऊन काढा, आधार आणि रेशन कार्ड सोबत न्या. पॉलिसीही ठेवा आणि कार्डही. एकाने नाही म्हटलं तर दुसरं हाताशी असावं.

दागिने कुठे गहाण आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. सावकाराकडे असतील तर बँकेच्या सोनेतारण कर्जावर न्या, व्याजात बराच फरक पडेल. ही लढाई काही महिने चालेल आणि तोवर व्याजाने तुम्हाला घाईला आणू नये. मध्येच कंपनीकडून 'निम्मे घ्या आणि मिटवा' असा फोन आला, तर तोंडी हो म्हणू नका. लेखी मागा आणि 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी मला कळवा. नोव्हेंबरच्या नकारपत्रावरची तारीख वहीत लिहून ठेवा, लोकपालांकडची एक वर्षाची मुदत तिथून धरून चला.

तुमची,
ताई